आपले गाव कोणते?

शिर्डीत राहायला आलेल्या माणसाला पहिले काही महिने एकच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो, "दर्शन झाले का?" दुकानदार विचारतो, रिक्षावाला विचारतो, जिन्यात भेटलेला शेजारीही विचारतो. विचारणाऱ्याचे काही चुकत नाही. ज्या गावात रोज हजारो माणसे येतात आणि दर्शन घेऊन परत जातात, तिथे नवा चेहरा म्हणजे यात्रेकरू असेच धरून चालतात. पण ज्याने अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर सही केली आहे, मुलांची नावे इथल्या शाळेत घातली आहेत, त्याच्या मनात या साध्या प्रश्नाने कळ उठते. मी इथला आहे की पाहुणा? आणि इथला नसेन, तर आता कुठला?

एकेकाळी शिर्डी हे कोपरगाव तालुक्यातले लहानसे खेडे होते. आज ते अहिल्यानगर जिल्ह्याच्या राहाता तालुक्यातले गजबजलेले शहर आहे. गावात रेल्वे आली, १ ऑक्टोबर २०१७ रोजी जवळच काकडीला विमानतळ सुरू झाला, ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. वाट आली की वाटसरू येतात आणि वाटसरूंच्या मागे त्यांची सेवा करणारी माणसे येतात. लॉजमध्ये, भोजनालयात, हार-फुलांच्या दुकानात, दवाखान्यात, बांधकामावर कामाला आलेली ही मंडळी कोणी वैजापूर-येवल्याकडची, कोणी मराठवाड्यातली, कोणी तर पार उत्तरेकडची. त्यांच्यात कितीतरी घरे माळकरी आहेत. त्यांनी गावाकडे शेताचा तुकडा ठेवला, म्हातारे आईवडील ठेवले, सप्ताहातली आपली पंगत ठेवली, काकड्याला उभे राहण्याची मंदिरातली ठरलेली जागा ठेवली, आणि येताना गळ्यातली तुळशीची माळ तेवढी बरोबर आणली.

अशा माणसाला दोन बाजूंनी बोचत असते. गावाकडचे म्हणतात, "हा आता शहराचा झाला." शहरातले म्हणतात, "हा बाहेरून आलेला." म्हणून या लेखात दोन गोष्टींचा विचार करू. गाव सोडणे म्हणजे आपला देव आणि आपला धर्म सोडणे आहे का? आणि नवे गाव आपले होते, ते नेमके कशाने?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या दैवताच्या कथेतच आहे. पंढरीचा राणा मूळचा पंढरपूरचा नाही. तो द्वारकेहून आला. रुक्मिणी रुसून दिंडीरवनात आली, तिला शोधत देव निघाला आणि भीमेच्या काठी पोहोचला, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता. दारात आलेल्या देवाला तो म्हणाला की थांब, आणि उभे राहायला वीट पुढे केली. देवाने द्वारकेचे वैभव बोलून दाखवले नाही, सिंहासन मागितले नाही. जेवढी जागा मिळाली, तेवढ्या जागेवर दोन्ही पाय जुळवून तो उभा राहिला. यजमानाचे काम व्हायचे होते, तोवर वाट पाहायची त्याची तयारी होती. त्या एका विटेएवढ्या जागेवरून सगळ्या महाराष्ट्राचे माहेर उभे राहिले. ज्या संप्रदायाचा देवच परगावी येऊन स्थिरावला, त्या संप्रदायात स्थलांतर हे पाप कसे ठरेल?

पण या कथेचा सोयीचा अर्ध घेऊन थांबता येणार नाही. देव द्वारका सोडून आला, तो पुंडलिकाकडे आला. आणि पुंडलिक त्या वेळी कुठे होता? घरात, आईवडिलांच्या पायाशी. "देव काय, सगळीकडेच आहे" असे म्हणून आपण गाव सोडतो तेव्हा ते खरेच असते. मात्र आईवडील सगळीकडे नसतात. ते एकाच घरात, एकाच ओसरीवर बसलेले असतात. देवाच्या सर्वव्यापकतेचे निमित्त करून म्हाताऱ्या माणसांच्या एकटेपणाकडे पाठ फिरवणे हा आपल्या तत्त्वज्ञानाचा गैरवापर आहे. पोटासाठी जावे लागते, यात लाज नाही. पण जाणाऱ्याने हे ऋण वहीत लिहून ठेवावे. कोणी आईवडिलांना आपल्याजवळ आणील, कोणाला ते जमणार नाही, कोणाचे आईवडील स्वतःच ओटा सोडायला तयार होणार नाहीत. उपाय घरोघर वेगळा असेल. ऋण मात्र सर्वांना सारखेच आहे, आणि नुसते पैसे पाठवून ते फिटत नाही.

साईसच्चरितात भगवंतराव क्षीरसागर यांची हकिगत आहे. त्यांचे वडील विठ्ठलाचे भक्त, दरवर्षी पंढरीची वारी करणारे. वडील गेले आणि मुलाने वारी, नैवेद्य, श्राद्ध सगळेच सोडून दिले. ते शिर्डीला आले तेव्हा बाबांनी त्यांना त्या सुटलेल्या पूजेचीच आठवण करून दिली. शिर्डीला आला आहेस, तेव्हा आता घरचा विठ्ठल विसरलास तरी चालेल, असे ते म्हणाले नाहीत. नव्या ठिकाणाचे वैभव केवढेही असो, त्याने जुन्याचा विसर पाडू नये, हेच त्यातून घ्यायचे.

आता दुसरा प्रश्न. नवे गाव आपले कशाने होते? घर बांधून, मतदारयादीत नाव लावून की वर्षे मोजून?

आपल्याच जिल्ह्यातले नेवासे पाहा. ज्ञानेश्वर माउली नेवाशाची नव्हती. त्या चार भावंडांना स्वतःचे म्हणावे असे गावच उरू दिले नव्हते. आळंदीने दूर लोटले, शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट चालावी लागली, आणि तिथून ती मुले प्रवरेच्या काठी आली. तिथे एका खांबाला टेकून माउलींनी गीतेवर निरूपण केले, सच्चिदानंद बाबांनी ते लिहून घेतले. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. नेवाशात त्यांची जमीन नव्हती, वाडा नव्हता. टेकायला एक खांब मिळाला. त्या गावाला त्यांनी जे दिले, त्यामुळे आज नेवासे म्हटले की माउली आठवते. तिथे ती किती दिवस राहिली, हे कोणी विचारत नाही.

नामदेवराय तर याहून लांब गेले. चंद्रभागेचे वाळवंट हा ज्यांचा प्राण, ते पंजाबात गेले आणि घुमान या गावी अनेक वर्षे राहिले. तिथल्या लोकांना त्यांनी मराठीत ऐकायला लावले नाही. त्यांच्या बोलीत ते गायले. म्हणून त्यांची ६१ पदे गुरुग्रंथसाहिबात आदराने विराजमान आहेत, आणि घुमानची माणसे आजही त्यांना आपलेच मानतात. इकडे पंढरपूरच्या महाद्वारात नामदेव पायरी आहे आणि नामदेवराय पंढरीचेही आहेतच. दोन गावांचे असणे म्हणजे दोन्हीकडून उपरे होणे असे आपल्याला वाटते. नामदेवरायांना ते दोन्हीकडचे देणे वाटले.

आणि ज्या शिर्डीत राहून आपण हा विचार करतो, त्या शिर्डीचे नावच मुळी एका बाहेरून आलेल्या माणसामुळे जगाला कळले. निंबाच्या झाडाखाली बसणारा एक तरुण फकीर. कुठला, कोणाचा, कोणत्या जातीचा, हे गावाला कधीच कळले नाही. मध्ये तो निघून गेला आणि धूपखेड्याच्या चांद पाटलांकडच्या लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर परत आला. वऱ्हाड खंडोबाच्या मंदिराजवळ उतरले. मंदिराचे पुजारी म्हाळसापती यांनी त्याला साई म्हणून हाक मारली, आणि तेच नाव पुढे राहिले. पण तोच तरुण खंडोबाच्या देवळात राहू पाहत होता तेव्हा, तो मुसलमान असावा म्हणून म्हाळसापतींनीच त्याला थांबवले, असेही सांगतात. नाव मिळाले, जागा मिळाली नाही. मग तो एका पडक्या मशिदीत राहिला. तिला त्याने पुढे द्वारकामाई म्हटले. द्वारका सोडून आलेल्या देवाची आठवण वारकऱ्याला या नावात झाली तर नवल नाही.

या नव्या माणसाने गावात काय केले? गावाकडून मान मागितला नाही. राहात्याहून येताना झेंडू, जाई, जुईची रोपे आणली, उजाड जागेत लावली, आणि मातीचे घडे खांद्यावरून वाहून स्वतः पाणी घातले. पुणतांब्याचे गंगागीर महाराज, ज्यांच्या हरिनाम सप्ताहाची परंपरा गोदाकाठी आजही गावोगाव चालते, ते शिर्डीत आले असताना त्यांनी त्यांना असे पाणी वाहतानाच पाहिले आणि हे रत्न आहे हे ओळखले. बाबा पाच घरी भिक्षा मागत. मिळालेले अन्न उघड्या कुंडीत ठेवलेले असे. त्यातून कुत्री-मांजरे खात, मशीद झाडणारी बाई तुकडे घेऊन जाई, कोणाला अडवले जात नसे. जो स्वतः भिक्षेवर राहत होता, त्याच्या दारात दुसऱ्यासाठी अन्न होते. नव्या गावात आधी आपले बस्तान बसू दे, मग लोकांचे पाहू, असे आपण म्हणतो. त्यांचे बस्तान देण्यातूनच बसले.

पण मला सर्वांत मोलाची वाटते ती जात्याची गोष्ट. एके दिवशी सकाळी बाबांनी जाते मांडले आणि गहू दळायला बसले. गावातल्या बायका धावत आल्या, त्यांनी खुंटा हातात घेतला, ओव्या म्हणत दळण उरकले. दळून झाल्यावर त्यांच्या मनात आले की फकिराला ना घर ना संसार, एवढे पीठ त्याला काय करायचे? त्यांनी पिठाचे वाटे केले आणि पदरात घेऊ लागल्या. तेव्हा बाबा रागावले आणि म्हणाले की पीठ गावाच्या शिवेवर, ओढ्याकाठी नेऊन टाका. गावात पटकीची साथ आली होती. तिला वेशीबाहेर ठेवण्यासाठी हा खटाटोप होता. हे दळण पाहूनच हेमाडपंतांना साईसच्चरित लिहावेसे वाटले. चमत्कार काय झाला, तो भाग श्रद्धेचा. आपण फक्त एवढे पाहू की शिवेबाहेरून आलेला माणूस गावाची शीव राखायला बसला होता, आणि शिवेच्या आतली माणसे पिठाचे वाटे करत होती. त्या क्षणी त्या गावचे अधिक कोण होते?

या प्रश्नापाशी आपले उत्तर सापडते. गावाचे दुःख ज्या दिवशी आपले काम होते, त्या दिवशी आपण त्या गावचे होतो. सातबारा, भाडेकरार, आधार कार्डावरचा पत्ता ही व्यवहाराची कागदपत्रे आहेत, ती असावीत. पण शेजारचा आजारी पडला तर रात्री उठून जायचे की दार लावून घ्यायचे, नळाला पाणी नसले तर फक्त आपल्या टाकीचे पाहायचे की गल्लीचे, यावर आपले गाव ठरते. आणि हा नियम जन्माने तिथल्या असलेल्यालाही लागू आहे. सात पिढ्या गावात राहूनही गावाचे काही न करणारा माणूस त्या गावात भाडेकरूच असतो.

मात्र सगळे ओझे नव्या माणसाच्या डोक्यावर टाकून जुन्यांना मोकळे होता येणार नाही. वीट पुढे करणारा पुंडलिक नसता तर देव कुठे उभा राहिला असता? चोखोबांचे उदाहरण आपल्याला बोचायला हवे. विठ्ठलाचा एवढा लाडका भक्त, पण त्याच्या हयातीत पंढरीने त्याला मंदिरात पाऊल टाकू दिले नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून ते गेले, तेव्हा कुठे महाद्वाराबाहेर समाधीपुरती जागा मिळाली. जे गावकूस त्यांना आत घेत नव्हते, तेच बांधताना त्यांचा प्राण गेला. त्यानंतर शतके लोटली. अखेर १ मे १९४७ रोजी साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. त्यांना जागा द्यायला लोक कचरत होते तेव्हा तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला. दहा दिवसांनी उपोषण सुटले, मंदिर सर्वांना खुले होण्याचा मार्ग मोकळा झाला. तनपुरे महाराजांनी पुढे केली ती वीटच होती.

आज मंदिराचे दार उघडे आहे. पण खोली भाड्याने देताना आडनाव विचारून "जागा नाही" म्हणणारी दारे अजून आहेत. मोठ्या शहरांत आहेत, लहान गावांत आहेत, तीर्थक्षेत्रेही त्याला अपवाद नाहीत. कपाळी बुक्का लावून, एकमेकांच्या पाया पडून आलेला वारकरी जर घराची पाटी लावताना जात पाहत असेल, तर त्याची वारी वाळवंटातच राहिली, घरी आली नाही. म्हाळसापतींकडे पाहावे. एकदा त्यांनी देवळाचे दार अडवले असेल, पण पुढे तेच रात्रीच्या रात्री मशिदीत बाबांसोबत जागले. १८८६ साली बाबांनी तीन दिवस समाधी लावली, तेव्हा त्यांचे मस्तक मांडीवर घेऊन राखण करत तेच बसले. दार एकदा बंद झाले म्हणून ते कायमचे बंद ठेवायची गरज नसते, हे या सोनाराने शिर्डीला दाखवले.

तीर्थक्षेत्री पोट भरायला आलेल्यांपुढे आणखी एक कठीण प्रश्न असतो, तो इतर शहरांत नसतो. इथे आपली भाकरी दुसऱ्याच्या श्रद्धेवर चालते. हार विकणारा, खोली देणारा, रिक्षा चालवणारा, यांच्यापर्यंत येणारा माणूस नुसता गिऱ्हाईक नसतो. कोणी नवस फेडायला आलेला असतो, कोणी घरात मृत्यू झाल्यावर मन शांत करायला आलेला असतो. गर्दीच्या दिवशी दहाच्या हाराचे पन्नास सांगता येतात. लवकर दर्शन करून देतो म्हणून परगावच्या माणसाला फसवता येते. तो उद्या निघून जाणार आहे, भांडायला परत येणार नाही, हे विकणाऱ्याला ठाऊक असते. जिथे पकडले जाण्याची भीती नाही, तिथेच माणसाच्या सचोटीची परीक्षा होते.

आपल्या संतांनी धंदा सोडा असे सांगितले नाही. गोरोबांनी मडकी घडवली, सावतोबांनी अरणला मळा राखला, नरहरी महाराजांनी सोनारकाम केले. मळ्यालाच त्यांनी पंढरी मानले म्हणजे त्या मळ्यातल्या भाजीत खोट नसणार, हेही आलेच. शिर्डीत हार विकणाऱ्याने वाजवी दर सांगितला, चुकलेल्या म्हाताऱ्या बाईला तिच्या माणसांपर्यंत पोहोचवले, तर त्या दिवशीचे त्याचे दर्शन दुकानातच झाले. कालचा बाहेरचा आजच्या बाहेरच्याशी कसा वागतो, यावरून तो इथे स्थिरावला की नुसता टिकला, हे कळते.

वारी आपल्याला दरवर्षी हेच शिकवते. घरदार असलेली माणसे काही दिवस बेघर होऊन चालतात. पहिल्यांदा दिंडीत आलेल्याला कोणी "कुठून आलास" म्हणून बाजूला काढत नाही. तो भिशी भरतो, रांगेत त्याला जागा मिळते, एखादा जुना माळकरी त्याच्या हातात टाळ देतो. दुसऱ्या दिवशी पंगतीत वाढताना तो स्वतःच नव्या आलेल्याला "बसा माउली" म्हणू लागतो. एवढ्या थोड्या वेळात माणूस परका राहत नाही, कारण तिथे आल्या आल्या काहीतरी काम हाती घ्यावे लागते. कोणी तंबूची दोरी ओढतो, कोणी पाणी आणतो. साईसच्चरितात गौळीबुवा नावाच्या म्हाताऱ्या वारकऱ्याचा उल्लेख आहे. वय पंचाण्णवच्या घरात. आठ महिने पंढरपुरात, चातुर्मासात गंगातीरी, सामान वाहायला एक गाढव, सोबतीला एक शिष्य. दरवर्षी पंढरीची वारी करून ते शिर्डीलाही येत. त्यांना कोणी त्यांचे गाव विचारले असते तर त्यांनी कोणते सांगितले असते? बहुधा जिथे त्या दिवशी मुक्काम असेल, तेच.

म्हणून नव्या गावी आलेल्या माळकऱ्याने फार मोठे काही करायला नको. आजूबाजूला चार माळकरी घरे शोधावीत. आठवड्यातून एकदा आलटूनपालटून एकेका घरी हरिपाठ करावा, मग खोली भाड्याची असली तरी चालेल. गॅलरीत कुंडीतली तुळस लावावी. गावाकडच्या सप्ताहाला, निदान काल्याच्या दिवशी, मुलांना घेऊन जावे, म्हणजे त्यांना आपला जुना उंबरा कळेल. आपल्या मजल्यावर नवे बिऱ्हाड आले तर पहिल्या दिवशी त्यांच्याकडे तांब्याभर पाणी आणि चहा न्यावा. त्यांचे आडनाव नंतर कळले तरी चालते.

आणि पुन्हा कोणी "दर्शन झाले का?" असे विचारले, तर मनात कळ येऊ देऊ नये. प्रश्न चांगला आहे. इथे राहणाऱ्यानेही तो रोज रात्री स्वतःला विचारावा. दिवसभरात किती माणसे भेटली, आणि त्यातल्या कोणाच्या ठायी पांडुरंग दिसला? उत्तर होकारार्थी असेल, तर आपण त्या दिवसापुरते तरी या गावचे झालो. रामकृष्णहरी.